कोयत्यामागचा प्राणवायू

चालणे, ओझे वाहणे, चढण चढणे, खुरपणे, ऊस तोडणे ही कामे माणूस तासन्‌तास करू शकतो, कारण त्यांत शरीराची सगळी ताकद एकाच वेळी पणाला लागत नाही. कमाल क्षमतेच्या आत राहून केलेल्या अशा श्रमात शरीर दर मिनिटाला किती प्राणवायू वापरते आणि त्यासाठी हृदयाला किती ठोके द्यावे लागतात, हे मोजण्याला सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे. आज हे मोजमाप बहुतेकांना खेळाडूंच्या मनगटावरच्या घड्याळामुळे माहीत असते. ते घडले मात्र मुख्यतः कैदी, सैनिक, पोलादभट्टीवरचे कामगार, हमाल आणि शेतमजूर यांच्या अंगावर. त्यामुळे हा इतिहास कड्यासारख्या गावापासून दूरचा नाही.

बीड जिल्ह्याच्या आष्टी तालुक्यातले कडा हे नगरहून आष्टी-जामखेडकडे जाणाऱ्या वाटेवरचे बाजाराचे गाव. मुलूख बालाघाटाच्या कडेचा आणि पर्जन्यछायेचा. दसरा-दिवाळी उरकली की या भागातल्या गावांमधून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात आणि पश्चिम महाराष्ट्रातल्या, कर्नाटकातल्या साखर कारखान्यांच्या गाळप हंगामात पाच-सहा महिने फडावर राबतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाची उचल मिळते तीही कोयत्याच्या हिशेबाने. जोडीने दिवसाला दीड-दोन टन ऊस तोडायचा, वाढे छाटायचे, मोळ्या बांधायच्या आणि डोक्यावरून वाहून गाडीत भरायच्या. याच तालुक्यातल्या मांडवा गावचा अविनाश साबळे लहानपणी सहा किलोमीटरवरच्या शाळेत चालत-पळत जायचा. पुढे तो सैन्याच्या महार रेजिमेंटमध्ये भरती झाला आणि 3000 मीटर स्टीपलचेसमध्ये 2022 साली बर्मिंगहॅमच्या राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य, तर 2023 साली हांगझौच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदकाचा मानकरी ठरला. फडावरचा कोयता आणि धावपट्टीवरचा धावपटू यांना लागू पडणारे शरीरशास्त्र एकच आहे.

या शास्त्राची सुरुवात पॅरिसमध्ये झाली. आंत्वान लाव्हॉझिए या रसायनशास्त्रज्ञाने श्वसन म्हणजे मंद गतीचे ज्वलन आहे, असे मांडले होते. 1789-90च्या सुमारास त्याने आपला सहकारी आर्मां सेगँ याच्या तोंडाला मुखवटा लावून त्याने वापरलेला प्राणवायू मोजला. उपाशीपोटी बसलेला सेगँ तासाला सुमारे 24 लिटर प्राणवायू वापरत होता. पायाने पट्टी दाबून वजन उचलू लागला की हे प्रमाण अडीचपटीच्या वर गेले. कामाबरोबर नाडी वाढते आणि ती कामाच्या प्रमाणातच वाढते, ही गोष्टही त्यांनी नोंदवली. या प्रयोगांची चित्रे लाव्हॉझिएची पत्नी मारी-आन हिने काढलेली आहेत, आणि त्यांत ती स्वतः टेबलाशी बसून टिपणे घेताना दिसते. त्याच निबंधात लाव्हॉझिए एका सामाजिक प्रश्नाला भिडला. हातांच्या बळावर जगणारा गरीब माणूस श्रमामुळे शरीरातले द्रव्य अधिक जाळतो, म्हणजे त्याला अन्नही अधिक लागते. मग ज्याला कमी लागते त्या श्रीमंताच्या घरी रेलचेल आणि याच्या घरी तुटवडा का, असे त्याने विचारले. श्रमाचे मोजमाप जन्मले तेच या प्रश्नासकट. 1794 साली लाव्हॉझिएला गिलोटीनवर चढवण्यात आले आणि हे काम बराच काळ थांबले.

पुढचे पाऊल लंडनच्या तुरुंगात पडले. तिथे कैद्यांना शिक्षा म्हणून पायऱ्यांचे मोठे चाक तासन्‌तास चढायला लावत. डॉ. एडवर्ड स्मिथ यांनी 1850च्या दशकात स्वतः त्या चाकावर चढून श्वासाचे आणि नाडीचे मोजमाप केले, आणि या शिक्षेत शरीराची झीज किती होते ते आकड्यांनिशी मांडले. बर्लिनमध्ये नाथान त्सुंट्स यांनी पाठीवर बांधता येईल असे वायुमापक यंत्र बनवले. 1901 साली त्यांनी शुम्बुर्ग यांच्यासोबत पाठीवर ओझे घेऊन कूच करणाऱ्या सैनिकांवरचा ग्रंथ प्रसिद्ध केला. माणसाने किती ओझे घेऊन किती वेगाने किती चालावे, हा प्रश्न अशा रीतीने लष्कराने विचारला.

काम सोपे झाले ते ऑक्सफर्डच्या सी. जी. डग्लस यांच्या पिशवीमुळे. 1911 साली त्यांनी वर्णन केलेली ही रबरी अस्तराची मोठी पिशवी पाठीला बांधायची, नाकाला चिमटा लावायचा, आणि तोंडातल्या झडपेतून बाहेरची हवा आत घेऊन उच्छ्वास पिशवीत सोडायचा. ठरावीक मिनिटांनी तोटी बंद करायची. मग आत किती हवा जमली ते मोजायचे आणि तिच्यातला प्राणवायू व कार्बन डायऑक्साइड तपासायचा. आत घेतलेल्या हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो. बाहेर पडलेल्या हवेत तो जितका कमी भरतो तितका शरीराने वापरला. एक लिटर प्राणवायू वापरला गेला म्हणजे साधारण 5 किलोकॅलरी, म्हणजे 21 किलोज्यूलच्या जवळपास, ऊर्जा खर्ची पडली. कर्बोदके जळत असतील तर थोडी जास्त, स्निग्ध पदार्थ जळत असतील तर थोडी कमी. कोपनहेगनमध्ये ऑगस्ट क्रोग यांनी 1913 साली चुंबकीय रोध असलेली सायकल तयार केली. तिच्यावर काम नेमके ठरवून देता येऊ लागले आणि निरनिराळ्या माणसांचे आकडे एकमेकांशी ताडता येऊ लागले.

पण पिशवी बांधून दिवसभर काम करता येत नाही. फडावर, भट्टीसमोर किंवा स्वयंपाकघरात तोंडात झडप धरून पाच-दहा मिनिटांच्या वर कोणी टिकत नाही. तिथे नाडी उपयोगी पडली. तिचे गणित 1870 साली आडोल्फ फिक यांनी एका छोट्या टिपणात सांगून ठेवले होते: शरीराने वापरलेला प्राणवायू म्हणजे हृदयाने ढकललेले रक्त गुणिले धमनीतल्या आणि शिरेतल्या रक्तातील प्राणवायूचा फरक. हृदयाने ढकललेले रक्त म्हणजे पुन्हा ठोके गुणिले दर ठोक्याला बाहेर पडणारे रक्त. श्रम वाढवत नेले तर दर ठोक्याचे रक्त कमाल क्षमतेच्या जवळपास निम्म्यावर पोहोचेपर्यंतच ठळकपणे वाढते. त्यापुढची गरज मुख्यतः ठोके वाढवून भागवली जाते. म्हणून साधारण 110 ते 170 ठोक्यांच्या पट्ट्यात नाडी आणि प्राणवायू जवळजवळ सरळ रेषेत चढतात. एकदा ती रेषा मिळाली की नुसत्या नाडीवरून प्राणवायूचा अंदाज बांधता येतो. या पट्ट्याच्या खाली भीती, राग, चहा, तंबाखू, उभे राहणे अशा कशानेही नाडी बदलते, म्हणून तिथे रेषेचा भरवसा धरता येत नाही.

या सरळ रेषेचा सर्वांत प्रसिद्ध वापर स्टॉकहोममध्ये पेर-ओलॉफ ओस्ट्रांड आणि इर्मा रायमिंग यांनी 1954 साली केला. सहा मिनिटे बेताच्या श्रमाने सायकल चालवायची, शेवटची नाडी मोजायची आणि छापील तक्त्यावरून कमाल क्षमता वाचायची. माणसाला दम तुटेपर्यंत पळवण्याची गरज उरली नाही. आजारी, वयस्क किंवा गरोदर माणसाची तपासणी त्यामुळे शक्य झाली, हा या पद्धतीचा मोठा माणुसकीचा गुण आहे. त्याआधी एक वर्ष, 1953 साली, एरिक होहवू क्रिस्टेन्सेन यांनी स्वीडनमधल्या निक्रोप्पा पोलाद कारखान्यातल्या कामगारांच्या मोजणीवरून कामाची हलके, मध्यम, जड अशी प्रतवारी केली. मिनिटाला 5 ते 7.5 किलोकॅलरी आणि 100 ते 125 ठोके ते मध्यम काम, 7.5 ते 10 किलोकॅलरी आणि 125 ते 150 ठोके ते जड काम. ही प्रतवारी जगभर वापरली गेली. पण ती उंचपुऱ्या, भरपूर खाणाऱ्या, थंड हवेतल्या स्वीडिश पुरुषांच्या अंगमापाची होती.

महाराष्ट्रात श्वासाचे प्रयोगशाळेतले मोजमाप कारखान्याआधी आश्रमात सुरू झाले, हे आवर्जून सांगण्यासारखे आहे. स्वामी कुवलयानंद, म्हणजे जगन्नाथ गणेश गुणे, यांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढून प्राणायामाचे प्रयोग आकड्यांसह छापायला सुरुवात केली. त्यांच्याकडे शिकलेले कोवूर बेहानन यांनी येल विद्यापीठात स्वतःवर केलेल्या मोजणीत उज्जायीमध्ये प्राणवायूचा वापर सुमारे 24.5 टक्के, भस्त्रिकेत 18.5 टक्के आणि कपालभातीत 12 टक्के वाढल्याचे आढळले; त्यांचे पुस्तक 1937 साली निघाले. प्राणायाम बसून करायचा असला तरी त्यालाही श्वास घेणाऱ्या स्नायूंच्या श्रमाची किंमत पडते, हे त्यातून दिसले.

स्वातंत्र्यानंतर कारखाने वाढले आणि भारतीय कामगारासाठी वेगळी मापे हवीत ही जाणीव झाली. मुंबईत शीव येथे केंद्र सरकारची सेंट्रल लेबर इन्स्टिट्यूट उभी राहिली आणि तिच्यात औद्योगिक शरीरशास्त्राचा विभाग काम करू लागला. या काळातले एक सुंदर संशोधन एस. आर. दत्ता आणि एन. एल. रामनाथन यांचे आहे. ते 1971 साली प्रसिद्ध झाले. त्यांनी 30 किलोचे तेच ओझे सपाट जमिनीवर सात निरनिराळ्या प्रकारे वाहायला लावून प्राणवायू आणि नाडी मोजली: पुढे-मागे विभागून, डोक्यावर, पाठीवर, कपाळाला पट्टा लावून, पोत्यासारखे, कावडीने आणि दोन्ही हातांत लोंबवून. छाती-पाठीवर विभागलेले ओझे सर्वांत स्वस्त पडले, हातांत लोंबवलेले सर्वांत महाग. डोक्यावरचे ओझे स्वस्तातल्या बाजूला निघाले. शरीराच्या मध्यरेषेवर भार ठेवायची ग्रामीण बायकांची युक्ती प्राणवायूच्या हिशेबात खरी ठरली. मानेच्या मणक्यांचा हिशेब अर्थातच वेगळा आहे, आणि हा प्रयोग सपाट जमिनीवरचा होता. पंचवीस ते चाळीस किलोची ओली मोळी घेऊन ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून वर चढणे यात येत नाही.

1979 साली पी. एन. साहा, दत्ता, बॅनर्जी आणि नारायणे यांचा भारतीय कामगाराला झेपेल अशा कामावरचा निबंध ‘एर्गोनॉमिक्स’ या नियतकालिकात आला. तरुण कामगारांच्या एका छोट्या गटावरच्या अभ्यासातून त्यांनी निष्कर्ष काढला की आठ तासांच्या पाळीत काम कमाल क्षमतेच्या सुमारे 35 टक्क्यांवर असावे. म्हणजे मिनिटाला साधारण 18 किलोज्यूल ऊर्जा आणि सुमारे 110 ठोके. त्याआधी युरोपात 50 टक्क्यांचा आकडा सर्रास धरला जाई. इर्मा रायमिंग, आता इर्मा ओस्ट्रांड, यांनी बांधकाम मजुरांच्या अभ्यासातून तो 40 टक्क्यांच्या आसपास आणला होता. मुंबईने तो आणखी खाली आणला. भारतीय श्रमशास्त्राच्या इतिहासात या 35 टक्क्यांइतका महत्त्वाचा आकडा दुसरा क्वचितच असेल, कारण त्याने ‘आपल्या माणसाला किती झेपते’ हे परक्याच्या तक्त्यातून वाचायचे थांबवले.

यात बायका मात्र नव्हत्या. ती उणीव मुंबईतच, एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठात भरून निघू लागली. एम. ए. व्हर्गीज, साहा आणि एन. अत्रेय यांचा 1994 सालचा निबंध आज देशभरच्या गृहविज्ञान महाविद्यालयांत पायाभूत मानला जातो. त्यांच्या नावाने रूढ असलेले सूत्र असे: सरासरी नाडीला 0.159 ने गुणायचे, त्यातून 8.72 वजा करायचे. उत्तर येते मिनिटाला खर्च होणाऱ्या किलोज्यूलमध्ये. सोबत बायकांच्या कामाची प्रतवारीही आहे. 90 पर्यंत ठोके म्हणजे अगदी हलके काम, 91 ते 105 हलके, 106 ते 120 मध्यम जड, 121 ते 135 जड, 136 ते 150 फार जड, आणि त्यापुढे अतिजड. परभणीच्या कृषी विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत निंदणी, वेचणी, मळणी अशा बायकांच्या कामांचा ताण याच धाटणीने मोजला गेला आणि त्यावरून अवजारे सुधारण्याचे प्रयत्न झाले. मोजण्याचे साधन म्हणजे छातीला बांधायचा पट्टा आणि मनगटावरचे घड्याळ. बिनतारी नाडीमापक फिनलंडच्या पोलर कंपनीने 1982 साली प्रथम बाजारात आणला होता.

दोन्ही आकडे शेजारी ठेवले की एक विलक्षण गोष्ट दिसते. पुरुष कामगारांच्या निकषात 110 ठोक्यांना 18 किलोज्यूल आहेत. बायकांच्या सूत्रात तेच 110 ठोके घातले तर उत्तर 8.8 किलोज्यूलच्या आसपास येते, म्हणजे निम्म्याहून कमी. प्राणवायूत मांडायचे तर एका ठोक्यामागे पुरुषाला सुमारे 7.8 मिलिलिटर प्राणवायू मिळतो, बाईला सुमारे 3.8. ठोक्यामागच्या या प्राणवायूला शरीरशास्त्रात ‘ऑक्सिजन पल्स’ म्हणतात. यांडेल हेंडरसन आणि प्रिन्स यांनी 1914 साली ही कल्पना मांडली. फरकाची कारणे अनेक आहेत. पुरुषांच्या मोजणीतल्या सायकलवर पाय चालतात, बायकांच्या घरकामात बहुधा हात, आणि हातांच्या कामाला तेवढ्याच प्राणवायूसाठी नाडी जास्त लागते. बाईचे हृदय आणि शरीर लहान असते. तिसरे कारण रक्ताचे. एक ग्रॅम हिमोग्लोबिन सुमारे 1.34 मिलिलिटर प्राणवायू वाहते. 100 मिलिलिटर रक्तात हिमोग्लोबिन 15 ग्रॅम असेल तर त्यात 20 मिलिलिटर प्राणवायू मावतो. 10 असेल तर 13च्या थोडा वर. तेवढेच काम उरकायला हृदयाला मग जास्त ठोके द्यावेच लागतात. पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातल्या 15 ते 49 वयाच्या 54.2 टक्के बायका रक्तक्षयग्रस्त आहेत. त्यामुळे एकाच कोयत्यातल्या नवऱ्याची आणि बायकोची नाडी सारखी भरली, तरी त्या दोघांच्या अंगावरचा भार सारखा आहे असे धरता येत नाही.

रक्तक्षय आणि श्रम यांचे नाते 1970च्या दशकात श्रीलंकेच्या चहामळ्यांत आणि ग्वाटेमालाच्या शेतमजुरांमध्ये तपासले गेले. गार्डनर, एजर्टन आणि सहकाऱ्यांनी श्रीलंकेत, तर व्हितेरी आणि तोरून यांनी ग्वाटेमालात दाखवले की हिमोग्लोबिन कमी तसे श्रमाचे बळ कमी आणि नाडी जास्त. लोह देऊन रक्त सुधारले की तेच काम कमी ठोक्यांत होऊ लागते.

ऊसतोडीचे थेट मोजमापही झाले आहे, पण दुसऱ्या खंडांत. सी. टी. एम. डेव्हिस यांनी पूर्व आफ्रिकेतल्या ऊसमजुरांची कमाल क्षमता, त्यांची तोड आणि त्यांच्या गैरहजेऱ्या यांचा संबंध 1973 साली तपासला. 1976 साली सुदानमधल्या तोडणी कामगारांवरचा अभ्यास आला. कोलंबियात जी. बी. स्पर, बाराक-निएतो आणि मॅक्सूड यांनी फडातच प्राणवायू आणि नाडी मोजली. आधी प्रत्येक मजुराची नाडी-प्राणवायूची स्वतःची रेषा काढायची, मग फडातल्या नाडीवरून खर्च वाचायचा, ही त्यांची रीत. जास्त ऊस तोडणारे गडी दिवसभरात आपल्या कमाल क्षमतेच्या 35 टक्क्यांच्या आसपास टिकून असल्याचे त्यांना आढळले. मुंबईच्या प्रयोगशाळेतला आकडा आणि कोलंबियाच्या फडातला आकडा इतके जवळ यावेत, हा योगायोग म्हणून सोडून देण्यासारखा नाही. ज्याची कमाल क्षमता मोठी त्याचे 35 टक्केही मोठे, म्हणून त्याची तोडही जास्त. लहानपणच्या कुपोषणाने खुजा राहिलेला मजूर तेवढीच तोड करू पाहतो तेव्हा त्याला स्वतःच्या क्षमतेचा जास्त वाटा खर्चावा लागतो. टनावर मजुरी असली की हे ओझे नेमके अशक्त माणसावर अधिक पडते.

हे आकडे बीडच्या कोयत्याला जसेच्या तसे लावता येत नाहीत. कोलंबियातला पुरुष तोडतो आणि पुढे जातो. इथली जोडी तोडते, बांधते, वाहते आणि भरते. पहाटे अंधारात काम सुरू होते, गाडी आली तर रात्रीही भरावी लागते, म्हणून आठ तासांची पाळी हा हिशेबाचा पायाच मोडतो. कोपीवरचा स्वयंपाक, पाणी आणि लेकरे बाईच्या वाट्याला त्याखेरीज येतात. हंगाम मार्च-एप्रिलपर्यंत लांबला की उन्हाचाही भाग येतो. तापलेल्या अंगाची उष्णता बाहेर टाकायला रक्त कातडीकडे वळते, घामाने रक्तातले पाणी घटते, दर ठोक्याचे रक्त कमी होते आणि प्राणवायूचा वापर तेवढाच असतानाही नाडी चढत जाते. नाडीवरून ऊर्जा काढणारे सूत्र अशा वेळी खर्च फुगवून दाखवते. हृदयावरचा ताण मात्र नाडी खराच सांगत असते, आणि मजुराच्या आरोग्याच्या दृष्टीने तोच आकडा अधिक मोलाचा आहे.

धावपट्टीवर याच मोजमापाचा अर्थ थोडा निराळा होतो. कॉनली आणि क्राहेनबूल यांनी 1980 साली जवळपास सारख्याच कमाल क्षमतेचे 12 धावपटू घेतले. त्यांच्यात 10 किलोमीटरच्या शर्यतीतला फरक मोठ्या अंशी एकाच गोष्टीने उलगडला: बेताच्या ठरावीक वेगाने पळताना कोण किती कमी प्राणवायू वापरतो. याला धावण्यातली काटकसर म्हणता येईल. साबळेने जुलै 2024 मध्ये पॅरिसला 8 मिनिटे 9.91 सेकंदांचा राष्ट्रीय विक्रम केला. स्टीपलचेसमध्ये प्रत्येक फेरीत अडथळ्यांवरून आणि पाण्यावरून उडी घेऊन पुन्हा त्याच लयीत यावे लागते, म्हणून या शर्यतीत काटकसरीला विशेष किंमत आहे. ती अनेक वर्षांच्या बेताच्या वेगाच्या लांब पळण्यातून येते.

महागडी यंत्रे नसतानाही फडावर चालेल अशी एक जुनी पद्धत उपलब्ध आहे. हार्वर्डमध्ये पायरीची चाचणी तयार करणाऱ्या ल्युसिएन ब्रुहा यांनी पुढे कारखान्यांत ही पद्धत रुजवली. काम थांबले की माणसाला बसवायचे. पहिल्या, दुसऱ्या आणि तिसऱ्या मिनिटाच्या उत्तरार्धातले तीस-तीस सेकंद मनगटाची नाडी मोजायची आणि प्रत्येक वेळी दुप्पट करायची. पहिला आकडा सरासरीने 110 च्या आत आणि तिसरा त्याहून निदान 10 ने कमी असेल, तर काम झेपते आहे. नाडी खाली यायला तयार नसेल, किंवा सकाळच्या विसाव्यापेक्षा दुपारच्या विसाव्यात ती वर थांबत असेल, तर ताण साठत चालला आहे. यासाठी लागते ते सेकंदकाटा असलेले एक घड्याळ, वही, आणि मोळी खाली ठेवल्यावर तीन मिनिटे बसण्याची मुभा.